खिडकी क्रमांक तीन यांस सविनय सादर

प्रति,
मा. खिडकी क्रमांक ३,
महाविद्यालयाचे मुख्य कार्यालय, तळमजला, जिन्याशेजारी,
सातारा आणि सांगली जिल्हे.

विषय : विद्यार्थ्यांना शैक्षणिक मार्गदर्शन केल्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, आपल्या कार्याची दखल आजवर कुणीच घेतली नाही, हे फार वाईट झालं. आदर्श शिक्षकांना पुरस्कार मिळतात, आदर्श प्राचार्यांना मिळतात, आदर्श सेवकांनाही कुठंतरी मिळत असतील. तुमच्या वाट्याला दर जूनमध्ये एक नवी नोटीस येते आणि तिच्याखालून गेल्या वर्षीच्या नोटिशीचा पिवळा पडलेला सेलोटेप डोकावत राहतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत मी बरीच वर्षं शिकवलं आणि आता शेजारपाजारच्या पोरांबरोबर तुमच्यासमोर रांगेत उभा राहतो. तुमची पाठ आणि पोट दोन्ही माझ्या ओळखीची आहेत.

कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. कमानीवरची नावं वेगळी असली तरी तुमची अंगकाठी सगळीकडे एकच. छातीपर्यंत ओटा, त्यावर ग्रॅनाइटची फरशी, फरशीवर काच आणि काचेला खाली एक अर्धगोल भोक. बोलायचं तर कमरेत वाकून तोंड भोकाशी न्यावं लागतं. ऐकायचं तर मान तिरकी करून कान न्यावा लागतो. दोन्ही एकदम करता येत नाही, त्यामुळे तुमच्यासमोर कुणाचं बोलणं फार लांबत नाही. आतल्या बाजूला पंखा, बाहेरच्या बाजूला पत्र्याची शेड. कॉम्प्युटरचा पडदा आत तोंड करून, बाहेरच्याला दिसते ती त्याची पाठ आणि वायरींचा गुंता. आपल्या पुढच्या चार वर्षांचं काय चाललंय ते त्या पाठीकडे बघून ओळखायचं.

यंदाच्या प्रवेशाच्या वेळची गोष्ट. माझ्यापुढे एक मुलगी होती. जत तालुक्याच्या पूर्व भागातली, घरी कानडी बोलणारी, पहाटेची एसटी पकडून आलेली. हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलीत सगळे दाखले ओळीनं लावलेले. आतून आवाज आला, ‘‘वडिलांचं उत्पन्न?’’ ती वाकली आणि म्हणाली, ‘‘वडील नाहीत सर.’’ ‘‘काय?’’ ‘‘वडील नाहीत.’’ ‘‘मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही.’’ मग ती मोठ्यानं बोलली. रांगेतल्या सगळ्यांना कळलं, शेडखाली बसलेल्यांना कळलं, पार्किंगमध्ये गाडी पुसणाऱ्या पोराला कळलं. ‘‘मग मृत्यूचा दाखला जोड. मायनर काय घेणार?’’ ‘‘सर, मायनर म्हणजे नेमकं...’’ ‘‘यादी लावलीय, बघ. पुढचा.’’

यादी लावलेली होती, हे कबूल केलं पाहिजे. तुमच्या वरच्या चौकटीला, पंख्याच्या पातीइतक्या उंचीवर, आठ पॉइंटच्या टायपात. मुलगी टाचा उंचावून बघत राहिली. मग तिनं शेजारी ओट्यावर फॉर्म भरणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या कागदात डोकावलं आणि तिनं लिहिला होता तोच विषय लिहिला. झालं मार्गदर्शन. परदेशात यासाठी म्हणे वेगळे सल्लागार नेमतात, त्यांना पगार देतात, भेटीची वेळ घ्यावी लागते. आपल्याकडे मिनिटभरात काम.

आता कुणी म्हणेल, आतल्या माणसाचा दोष आहे. मी म्हणणार नाही. काचेमागचा तो क्लार्क मला ठाऊक आहे. प्रवेश त्याच्याकडे, पात्रता त्याच्याकडे, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती त्याच्याकडे, परीक्षेचे फॉर्म, बोनाफाईड, टीसी सगळं त्याच्याकडेच. शेजारच्या दोन खुर्च्यांवरची माणसं निवृत्त झाली, खुर्च्यांवर आता फायली बसतात. शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं रखडलेली. एटीकेटीचा कुठला नियम कुठल्या बॅचला लागू, हे त्याला जेवढं पाठ आहे तेवढं निम्म्या स्टाफरूमला नाही. त्याच माणसाला कॅंटीनमध्ये चहाच्या टेबलावर गाठा, तो तुमच्या पुतण्याला मिनिटाचा अर्धा तास करून सगळं समजावून सांगेल, वर चहाचे पैसेही देईल. तोच माणूस तुमच्यामागे जाऊन बसला की ‘उद्या या’ म्हणतो. आता यात त्याचा स्वभाव किती आणि तुमचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी तर तुमचंच श्रेय मानतो.

तुमची ही कामगिरी जुन्या काळात कुणाला फारशी खुपली नाही, कारण तेव्हा विचारायला होतंच काय? बी.ए., बी.कॉम. नाहीतर बी.एस्सी. फी भरा, पावती घ्या, वर्गात जा. पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची एवढ्यासाठी अर्धगोल भोक पुष्कळ झालं. पण २०२० साली नवं शैक्षणिक धोरण आलं. राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानं श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, आराखडा ठरवला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. आता मेजर म्हणजे मुख्य विषय वेगळा, मायनर म्हणजे दुय्यम विषय वेगळा, खुला ऐच्छिक विषय घ्यायचा तो आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेतला. शिवाय कौशल्याचे श्रेयांक, भारतीय ज्ञानप्रणालीचे श्रेयांक, प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक. सेमिस्टरला २० ते २२, वर्षाला ४० ते ४४. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं असेल तर वेगळे चार श्रेयांक करून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मध्येच सोडून गेलेल्याला तीन वर्षांत परत यायची मुभा, सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. श्रेयांक जमा करायला २०२१ पासून बँकसुद्धा आहे.

यातला एकेक पर्याय कुणाच्या तरी घराशी बांधलेला असतो. माण-खटावकडच्या एखाद्या पोराला पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून बापाबरोबर कामाला जावं लागणार असतं. ते चार श्रेयांक उन्हाळ्यात करून घेतले तर वर्ष वाया जात नाही, हे त्याला मार्चमध्ये कुणीतरी सांगायला हवं. आटपाडीच्या एखाद्या मुलीचं लग्न ठरत आलेलं असतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एवढं एक वाक्य तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगितलं तर कदाचित पुढचं सगळं वेगळं होईल. पाटणच्या डोंगरातल्या एखाद्याला केमिस्ट्री झेपत नाही आणि मराठी साहित्यात मन रमतं, पण ते बोलून दाखवायचं तर मागं बाप उभा असतो. असले प्रश्न मोठ्यानं विचारता येत नाहीत आणि तुमच्यापुढे हळू बोलता येत नाही. म्हणून मग पोरं तुमच्या भोकात मावतील तेवढेच प्रश्न आणतात. शेवटची तारीख कधी? झेरॉक्स किती? फोटो चिकटवायचा की स्टेपल करायचा? आणि वर्षाअखेरीस आपण अहवालात लिहितो की विद्यार्थ्यांच्या शंकांचं निरसन करण्यात आलं.

बरं, तुमच्याकडे नाही तर मुलांनी जावं कुठं? शासनाची याबाबतीत काहीच चूक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम काढून बघा. शिक्षकानं रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध असावं, पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी रोज किमान दोन तास द्यावेत, एका समन्वयक शिक्षकामागे कमीत कमी पंधरा विद्यार्थी असावेत आणि यासाठी लागणारी जागा व सोयी विद्यापीठानं किंवा महाविद्यालयानं पुरवाव्यात, असं त्यात छापलेलं आहे. जागेचा उल्लेख आहे बरं का, मी मनचं सांगत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकवाल्यांनीही मेंटॉरमागे विद्यार्थी किती, हे गुणोत्तर मागितलं आणि आपण ते दिलं. भागाकार आपल्याला येतो. विद्यार्थ्यांची संख्या भागिले शिक्षकांची संख्या. प्रत्येकाच्या नावापुढे वीस-पंचवीस पोरांची यादी, रजिस्टरवर तारखा, तारखांपुढे एकाच पेनानं केलेल्या सह्या.

जागाही दिली. ‘समुपदेशन व मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी मी स्वतः वाचली आहे, नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात रंगवलेली. आत दोन मोडकी बाकं, स्नेहसंमेलनाचे पडदे, जुन्या उत्तरपत्रिकांची पोती आणि एका कोपऱ्यात, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेल्या, दोन गुबगुबीत खुर्च्या. त्यांवर आजवर कुणी बसलं नव्हतं, त्यामुळे त्या चांगल्या राहिल्या होत्या.

स्टाफरूमचं विचाराल तर ते तुमचंच मोठं भावंड. लांबलचक टेबल, त्याभोवती अठरा-वीस माणसं. तासिका तत्त्वावर येणाऱ्यांना तर टेबलाचा कोपराही मिळत नाही, ते तास घेऊन मस्टरवर सही करतात आणि बॅग खांद्याला लावूनच उभे असतात. वर्गात पोरांशी सर्वांत जास्त बोलणारे हेच, वयानं पोरांना जवळचे हेच, आणि पोरांना घेऊन बसायला चार फूट जागा नसलेलेही हेच. एखादं पोरगं धीर करून दाराशी येतं. वीस डोकी एकदम वर होतात. ‘‘काय रे, काय काम?’’ आणि पोरगं म्हणतं, ‘‘काही नाही सर, सहज.’’

हे ‘काही नाही सर’ मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा अर्थ आता मला झोपेतही लागतो.

प्राचार्यांची केबिन उरली. तिथं एसी आहे, सोफा आहे, संस्थापकांचा फोटो आहे. पोरं चपला बाहेर काढून आत येतात, देवळात आल्यासारखी, आणि सोफा असूनही उभी राहतात. सोफ्यावर आधीच कुणी संचालक, कुणी पुस्तकांचा एजंट, कुणी माजी विद्यार्थी बसलेला. प्राचार्य माणूस चांगला असला तरी त्याला एकाच वेळी तिघांकडे बघून हसावं लागतं. तिथं कुणी सांगायचं की घरचे पुढं शिकू देत नाहीत?

मग सल्ला मिळतो तो गेटबाहेर. तुमचा खरा प्रतिस्पर्धी तिथं आहे, आणि त्याची तुम्हाला गंधवार्ता नाही. या दोन जिल्ह्यांतला सगळ्यात मोठा शैक्षणिक सल्लागार म्हणजे कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला दादा. दहा बाय दहाचा गाळा, एक मशीन, एक कॉम्प्युटर, समोर दोन स्टूल. शिष्यवृत्तीचा अर्ज तो भरतो, परीक्षेचा फॉर्म तो भरतो, खुला ऐच्छिक विषय कुठला घ्यायचा हेही तोच सुचवतो. ‘‘हा घे, ह्याच्या नोट्स हाईत आपल्याकडं.’’ विषय निवडीचा निकष एवढाच! त्याच्या दुकानात ज्याची बाइंडिंग केलेली पुस्तिका पडून आहे, त्या विषयाला त्या वर्षी सगळ्यात जास्त विद्यार्थी. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी डोकं खाजवून ठरवलेले पर्याय आणि त्यांचा शेवट असा.

पण मी त्या गाळ्यात बराच वेळ उभा राहून बघितलं आहे, आणि पोरं तिथं का जातात ते मला कळलं. तो स्टूल पुढं सरकवतो. कॉम्प्युटरचा पडदा पोराकडं फिरवतो आणि म्हणतो, ‘‘बघ, नाव बरोबर हाय का?’’ दोघं एकाच पडद्याकडे बघतात. पोरगं पडद्याकडे बघत असलं की त्याला दादाच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही, आणि डोळ्यांकडे बघावं लागत नसलं की ते बोलतं. बाप दारू पितो, इथपासून ते इंग्रजी वाचता येत नाही, इथपर्यंत सगळं तिथं बोललं जातं. दादा हूं हूं करतो, दहा रुपये घेतो. सल्ला बऱ्याचदा चुकीचा देतो, पण तो ऐकून घेतो. तुमचं बरोबर उलटं आहे. तुमच्याकडे माहिती अचूक, पण तिथपर्यंत पोचतो कोण!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडत्या आधी गादीवर बसवतो, पाण्याचा तांब्या पुढं करतो, चहा सांगतो आणि मगच भावाचं बोलणं काढतो. धर्मादाय म्हणून नव्हे, बसलेला माणूस मोकळं बोलतो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे म्हणून. पोत्यांचा हिशोब बसून होतो. पोरीच्या चार वर्षांचा मात्र वाकून.

आणि हे सगळं कुठल्या मुलखात, तेही बघा. १९१९ च्या ऑक्टोबरात कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीरांचं वसतिगृह उभं राहिलं, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला जेवत होती. पोरगं ज्यांच्या पंक्तीला जेवतं त्यांना त्याचं काय अडलंय हे फॉर्म भरून घेऊन विचारावं लागत नाही. त्या काळी तुमची सोय नव्हती ना, त्यामुळे बिचाऱ्यांना प्रत्येक पोराची माहिती असायची. रयतच्या बोधचिन्हावर वडाचं झाड आहे. झाडाला काच बसवता येत नाही, ही त्याची तांत्रिक अडचण. ती पुढच्या इमारतींत दूर झाली.

तुमचा सगळ्यात ठेवणीतला सल्ला मी विसरलेलो नाही. ‘‘ते विद्यापीठाकडून होतं, कोल्हापूरला जावं लागेल.’’ शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं ते याच भागातल्या पोरांना पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागू नयेत म्हणून. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत महामार्गाच्या रुंदीकरणाची खोदाई, त्यातून वाट काढत पोरगं पोचतं तर तिथं काय? तुमची थोरली बहीण. काच जरा चकचकीत, भोक तेवढंच. ती म्हणते, ‘‘कॉलेजमार्फत या.’’ एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं मुलींचं यात निम्मंच नुकसान होतं, हा भाग वेगळा.

एवढं कौतुक केल्यावर मागणं मागायचा मला हक्क आहे. तुम्हाला फोडून टाका असं मी म्हणणार नाही. फी घ्यायला, पावती द्यायला तुम्ही खुशाल राहा, त्या कामाला तुमच्याइतकं सोयीचं कुणी नाही. फक्त मार्गदर्शनाचं काम तुमच्या अंगावरून उतरवू द्या. त्यासाठी नवी इमारत नको, निधी नको, समिती तर अजिबात नको. समुपदेशन कक्षातली पोती गोदामात न्या आणि त्या दोन खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक फाडा. खुर्च्या टेबलाच्या दोन बाजूंना नको, एकाच बाजूला, शेजारी शेजारी, समोर पडदा. दाराला काच असू द्या. काच म्हटलं की तुम्हाला बरं वाटेल, पण ही काच बाहेरच्याला आत दोघं बसलेत एवढं दिसावं आणि ऐकू मात्र येऊ नये यासाठी. मुलींना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या शिक्षकांना दोघांनाही ते बरं पडतं. तासिका तत्त्वावरच्या एखाद्या मास्तराला तिथं बसवा आणि त्या तासांचे पैसे द्या. फुकट बसवणार असाल तर तेही लिहून द्या, म्हणजे त्याला दुसरीकडे शिकवणी बघता येईल. तुमच्यामागच्या क्लार्कला आठवड्यातून दोन दुपारी तिथं सोडा. चहा बाहेरून मागवता येतो. आणि बाप बरोबर आला असेल तर त्याला पाच मिनिटं शेडखाली बसवून पोरीला आधी एकटीला आत घ्या. नंतर त्यालाही घ्या, त्याचेही प्रश्न असतात, आणि तोही आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे वाकलेलाच असतो.

यातलं काही होणार नाही असं तुमच्या शेजारची खिडकी क्रमांक चार मला म्हणाली. ती चौकशीची खिडकी आहे आणि बंद असते, तरी तिचं मत ऐकून घेतलं.

सदर पत्राची पोहोच मिळावी ही विनंती. अर्ज विहित नमुन्यात नाही, हे मला माहीत आहे. विहित नमुना कुठं मिळतो, ते झेरॉक्सवाल्या दादाला विचारून ठेवलं आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
रांगेतला एक

सोबत : आधार कार्डाची झेरॉक्स (२ प्रती, साक्षांकित). मागितली नव्हती, तरी जोडली आहे.